त्या तीन मॅचचं काय झालं?

बोल्टन,
12 जानेवारी 2025

ती. आई-बाबा यांना सा. न.

बाबा, गुरुवारी फोनवर मी 1939 मध्ये युद्धामुळे बंद पडलेल्या इंग्लंडच्या फुटबॉल लीगबद्दल सांगत होते, तेव्हा तुम्ही विचारलंत, "मग त्या तीन मॅचचं काय झालं? पॉइंट कुणाला दिले?" आणि नेमकी माझी ड्युटीची वेळ झाली. दोन वाक्यांत सांगून संपण्यासारखं ते नव्हतंच. आज रविवार आहे, पाऊस सकाळपासून हटायला तयार नाही, म्हणून सगळं नीट लिहायला बसले. आई, तूही शेवटपर्यंत वाच, कारण शेवटचं काम तुझंच आहे.

आधी मनातलं सांगते. "गुडघा गॅलरीच्या पायऱ्या चढू देत नाही, यंदा स्टेडियम नाही," असं म्हणून तुम्ही जे गप्प झालात, ते मला फार लागलं. मला स्कूटरवर पुढे उभं करून शाहू स्टेडियमला तुम्हीच न्यायचात. पाटाकडील आणि दिलबहार या कोल्हापूरच्या दोन तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच असली की आईला बारालाच ताटं वाढायला लावायचात. खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी, डोक्यावर ओला रुमाल, आणि गोल झाला की शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलेले तुम्ही. एक मॅच बुडाली तर तुमचं काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून अख्खा सीझन बुडालेल्या माणसांबद्दल वाचताना मला सारखी तुमचीच आठवण येत होती.

तर 1939. इंग्लंडची लीग 26 ऑगस्टला सुरू झाली. खेळाडूंच्या पाठीवर नंबर घालायचा नियम लीगनं त्याच वर्षी केला होता. बहुतेक संघांच्या तीन-तीन मॅच झाल्या. 1 सप्टेंबरला जर्मनीचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं, तरी 2 तारखेच्या शनिवारी इथे मॅच झाल्याच. त्या दिवशी लंडनमध्ये आर्सेनलच्या टेड ड्रेकनं एकट्यानं चार गोल मारले. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सव्वाअकराला पंतप्रधान चेंबरलेन रेडिओवर बोलले आणि युद्ध सुरू झालं. सरकारनं गर्दीच्या सगळ्या जागा बंद केल्या. थिएटरं बंद, मैदानं बंद. खेळाडूंचे करार थांबवले. आठवड्याला जास्तीत जास्त 8 पौंड मिळवणारी माणसं एका आठवड्यात बिनपगारी झाली.

तेव्हा टेबलात सगळ्यात वर कोण होतं माहितीये? ब्लॅकपूल. इथून तासाभरावरचं समुद्रकाठचं गाव, जत्रेसारखं. तिन्ही मॅच जिंकून 6 पॉइंट, कारण तेव्हा विजयाला दोनच मिळायचे. ते गाव त्याआधी कधी लीग जिंकलं नव्हतं आणि आजतागायत जिंकलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की पॉइंट कुणालाच दिले नाहीत. लीगनं त्या तीन मॅच हिशेबातूनच काढून टाकल्या. खेळाडूंच्या अधिकृत नोंदीत त्या धरत नाहीत. ड्रेकचे ते चार गोलही त्यात गेले. एखाद्या पोरानं आयुष्यात लीगच्या तेवढ्याच मॅच खेळल्या असतील, तर कागदावर तो कधी लीगमध्ये उतरलाच नाही. बाबा, मला हे पटत नाही. सीझन अर्धवट राहिला हे खरं, पण 26 ऑगस्टला हजारो माणसं तिकीट काढून आत गेली होती. त्यांनी पाहिलं ते पाहिलं. तुम्ही मॅच बघून आल्यावर रात्री जुन्या डायरीत स्कोअर लिहून ठेवता. पंचांचा निकाल तुम्हाला मान्य नसला तरी लिहिता, आणि खाली "ऑफसाइड होता" असंही लिहिता. इथेही तसंच करायला हवं होतं.

पण लगोलग बंद का केली, त्याला कारण होतं. पहिल्या महायुद्धात 1914-15 चा सीझन यांनी पूर्ण खेळवला होता. पोरं खंदकात मरतायत आणि इकडे धडधाकट माणसं बॉल खेळतायत, अशी तेव्हा बरीच टीका झाली. ती सल असणार. पुढे सरकारलाच कळलं की दिवसभर कारखान्यात राबून रात्री अंधारात बसणाऱ्या लोकांना काहीतरी हवं. मग जवळच्या जवळ, 50 मैलांच्या आतल्या संघांच्या मॅच सुरू झाल्या. प्रेक्षक आधी 8,000, मोठ्या मैदानांवर 15,000. खेळाडूला मॅचमागे 30 शिलिंग. ज्या गावाजवळ पलटणीचा तळ, त्या गावच्या संघातून सैनिक खेळायचे. 1940 च्या नाताळात ब्रायटनचा संघ नॉर्विचला गेला तो पाच खेळाडू घेऊन. बाकीचे तिथल्याच राखीव खेळाडूंतून आणि सैनिकांतून जमवले आणि 18-0 नं हरले. आपल्याकडे गल्लीत पोरं कमी पडली की "तू आमच्याकडनं ये" म्हणतात, तसंच. तरी लोक येत राहिले.

आता मी राहते त्या गावाची गोष्ट. बोल्टन वॉंडरर्सचा कॅप्टन होता हॅरी गोस्लिन. 8 एप्रिल 1939 ला, म्हणजे युद्धाला अजून पाच महिने होते तेव्हा, घरच्या मैदानावर मॅचच्या आधी तो प्रेक्षकांसमोर उभा राहून बोलला. हिटलरनं नुकतंच चेकोस्लोव्हाकिया गिळलं होतं. संकट येतंय, आपण सगळ्यांनी तयार व्हायला हवं, असा त्याच्या बोलण्याचा रोख. आणि मॅच झाल्यावर तो आपले खेळाडू बरोबर घेऊन गावच्या तोफखान्याच्या राखीव दलात भरती झाला. क्लबच्या 35 खेळाडूंपैकी 32 जण पुढे सैन्यदलांत गेले, उरलेले तिघे खाणीत आणि दारूगोळ्याच्या कामावर. अख्खी तालीमच पलटणीत गेली म्हणा ना! लीग बंद पडली तेव्हा बोल्टनच्या पोरांना पुढे काय करायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही.

त्यांचं मैदान बर्नडेन पार्क. आज तिथे सुपरमार्केट आहे. बाबा, मी ज्या दुकानातून तांदूळ आणि कोथिंबीर आणते, तेच. पहिली दोन वर्षं मला पत्ताच नव्हता. एकदा तिथली पाटी वाचली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. 9 मार्च 1946 ला, युद्ध संपल्यावर, इथे कपच्या मॅचला इतके लोक लोटले की चेंगराचेंगरीत 33 माणसं गेली. युद्धात सरकारनं मैदानाचा एक स्टँड साठवणीला घेतला होता, तो अजून परत दिलेला नव्हता आणि त्या बाजूची दारं बंद होती. सहा वर्षं उपाशी राहिलेली माणसं एकाच बाजूनं आत शिरत होती. लीग खऱ्या अर्थानं सुरू झाली 31 ऑगस्ट 1946 ला, आणि वेळापत्रक कुठलं वापरलं? 1939 चंच. सात वर्षांपूर्वी ज्या गावानं ज्या गावाशी खेळायचं ठरलं होतं, त्याच क्रमानं.

गोस्लिन मात्र त्या दिवशी नव्हता. मी नोव्हेंबरात रजा काढून इटलीला गेले होते ते त्याच्यासाठीच. तुम्हाला नुसतं "फिरायला" म्हणून सांगितलं, कारण जे शोधायचं होतं ते सापडेल याची खात्री नव्हती.

बोल्टनचा तोफखाना, 53 वी फील्ड रेजिमेंट, इटलीत कुठल्या डिव्हिजनबरोबर होता, ठाऊक आहे? आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर. आई, त्याच डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पहिली बटालियन होती. संगमनेरकडच्या नामदेव जाधवांना 1945 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच बटालियन. म्हणजे बोल्टनच्या फुटबॉलपटूंच्या तोफा आपल्या पोरांच्या डोक्यावरून पुढे मारा करत होत्या. नोव्हेंबर 1943 च्या अखेरीस त्यांनी सांग्रो नदी ओलांडली. पावसानं नदीला पूर, चिखल गुडघ्यापर्यंत. तिथून पुढच्या लढाईत गोस्लिन स्फोटात जखमी झाला आणि 18 डिसेंबरला गेला. 34 वर्षांचा होता. त्याच्या संघाचा गोलकीपर स्टॅन हॅन्सन त्याच रेजिमेंटमध्ये होता. तो परत आला आणि पुन्हा बोल्टनच्या गोलात उभा राहिला.

पेस्काराहून ट्रेननं आणि पुढे टॅक्सीनं मी सांग्रोच्या दफनभूमीत गेले. स्टेशनावर इटलीचा झेंडा फडकत होता, लाल, पांढरा, हिरवा, आणि एकदम आपल्या घरातली लोखंडी पेटी डोळ्यांसमोर आली. आई, तुझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा तो सहा टोकांचा बिल्ला, चांदणीसारखा. त्याच्या फितीचे रंग हेच! लहानपणी मी तो फ्रॉकला लावून मिरवायचे आणि तू ओरडायचीस. तो इटलीचा आहे हे आपल्या घरात कुणाला माहीत होतं का गं? "लढाईत गेले, परदेशात," एवढंच मी ऐकत आले.

उतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. गोस्लिनचा दगड सापडला. मी बोल्टनहून रुमालात बांधून थोडी माती नेली होती, त्या दुकानाच्या पार्किंगच्या कडेच्या वाफ्यातली. तेवढीच उरलीय त्या मैदानाची. ती ठेवली. आणि मग तिथलंच दुसरं स्मारक पाहिलं. ज्या हिंदी जवानांना तिथे अग्नी दिला त्यांचं. 500 हून जास्त नावं, पलटणीप्रमाणे कोरलेली. मराठा पलटणीच्या नावात इंग्रजांनी एक जादा एच घातलाय. त्याखाली आपली नावं, इंग्रजी अक्षरांत. मी ती एक-एक मोठ्यानं वाचत गेले, कारण मोठ्यानं वाचल्याशिवाय ती ओळखू येत नव्हती. डोळ्यांना भलतंच काहीतरी दिसायचं आणि उच्चारलं की आपल्या शेजारच्या गल्लीतला माणूस उभा राहायचा.

आई, तुझ्या माहेरचं आडनाव तिथे आहे. नावही आजोबांच्या त्या भावाचंच आहे. पण तेच नाव आणि तेच आडनाव दोघांचं आहे, एकाखाली एक. मी बोट ठेवून बराच वेळ उभी होते, पण कुठल्या नावावर हात जोडायचे ते कळेना. मग दोन्हींवर जोडले.

म्हणून आता तुझं काम. पेटीच्या तळाला मेणकापडात गुंडाळलेला सरकारी कागद आहे. त्यावर पलटणीतला नंबर असणार. दिवसाउजेडी, बाबांचा चष्मा घेऊन, बाबांकडूनच वाचून घे. कागद घडीवर फाटायला आलाय, उलगडताना जपून. नंबर बिल्ल्याच्या डबीत लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी फोनवर मला सांगा. दफनभूमीच्या नोंदींत नंबर असतात, मी लगेच लावून बघते.

बाबा, गोस्लिनच्या दगडाचा फोटो सोबत पाठवतेय. तुमच्या डायरीत चिकटवा आणि शेजारी 1939 च्या त्या तीन मॅच लिहून ठेवा. ब्लॅकपूल, 3 मॅच, 6 पॉइंट. आणि एप्रिलमध्ये मी येतेय, तिकीट काढलंय. गॅलरीच्या पायऱ्यांना तेव्हा आपण दोघं मिळून बघू. एका पायरीवर दोन मिनिटं थांबलो तरी हाफटाइमपर्यंत वर पोचतोच.

परवा संक्रांत. इथे तीळ मिळाले, गूळ मात्र जरा काळपट आहे. वड्या करते.

तुमची,
छकुली