गाणाऱ्याविना पहिला नंबर

प्रिय विश्वास,
सप्रेम नमस्कार.

"डिस्को म्हणजे नुसती धमधम, त्यात संगीत कुठलं?" असं तू पत्रात ठोकून दिलंस आणि मला गप्प बसवेना. एक काम कर. चांगले इअरफोन लाव (मोबाइलच्या स्पीकरवर नको, हात जोडतो) आणि 'लव्ज थीम' ऐक. लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्राची, १९७३ची. रचना बॅरी व्हाइटची.

हो, तोच, खर्जातल्या आवाजाचा. आवाज हेच ज्याचं भांडवल, त्यानं इथं तोंडही उघडलेलं नाही. तरी १९७४च्या फेब्रुवारीत हीच रेकॉर्ड बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिली आली. रेडिओवाल्यांनी मनावर घेण्याआधीच न्यूयॉर्कच्या क्लबांत लोक तिच्यावर नाचत होते.

सुरुवातीलाच व्हायोलिनांचा ताफा उसळून वर जातो. मग तीच व्हायोलिनं मुख्य चाल धरतात, लांब, ऐसपैस, गायकानं दमसास लावून म्हणावी तशी. खाली मात्र वेगळाच कारभार चाललेला असतो. वा-वा गिटार (पायातल्या पेडलनं जिचा सूर 'वा-वा' असा उघडझाप करतो ती) कुरकुरत तुकडे पाडत जाते, ड्रम आणि बेस जागचे हलत नाहीत. पाय खालच्या मजल्यावर, कान वरच्या. दुसऱ्यांदा ऐकशील तेव्हा व्हायोलिनं सोडून फक्त त्या गिटारकडे लक्ष ठेव.

व्हाइटला स्वरलिपी येत नव्हती. डोक्यातलं तो गुणगुणून सांगायचा आणि जीन पेज हा अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बांधणारा, ते कागदावर उतरवायचा. मुंबईच्या स्टुडिओंत सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याचे अरेंजर संगीतकारांसाठी हेच करत होते की! त्यामुळे "याला साधं नोटेशन येत नाही" हा तुझा नेहमीचा आक्षेप इथं चालणार नाही.

आता डिस्को सगळा याच रेकॉर्डमधून निघाला असं मी म्हणणार नाही. ठेका फिलाडेल्फियात तयार होत होता. तिथल्या अर्ल यंग या ड्रमरनं हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटणारी झांजांची जोडी, ज्या तऱ्हेनं खेळवली, ती पुढे प्रत्येक डिस्को ड्रमरनं उचलली. शिवाय 'लव्ज थीम' नंतरच्या डिस्कोच्या मानानं संथच आहे. पण गायक नसला तरी ऑर्केस्ट्रावर लोक नाचतात आणि पैसे मोजून रेकॉर्ड घेतात, हे कंपन्यांना यादीतल्या पहिल्या नंबरानंच पटलं असणार. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्याच एमएफएसबी या वाद्यवृंदाची 'टीएसओपी' पहिली आली. 'सोल ट्रेन' या टीव्ही कार्यक्रमाचं ते शीर्षकसंगीत, शब्द अगदी नावापुरते. १९७५मध्ये व्हॅन मॅकॉयचं 'द हसल'ही तसंच.

पुढे अति झालं, हे मात्र तुझं खरं. १९७६मध्ये वॉल्टर मर्फीनं बेथोव्हेनची पाचवी सिंफनी डिस्कोत बसवली आणि तीही पहिली आली! मला ती आवडत नाही. चाल उसनी, ठेका वरून चिकटवलेला. १९७७मध्ये गायिका डोना समरच्या 'आय फील लव्ह'मध्ये निर्माता जॉर्जो मोरोडरनं जवळजवळ सगळं सिंथेसायझरवर केलं. इतकी माणसं स्टुडिओत बसवायची गरजच उरली नाही. तुझी ती धमधम बहुधा याच्या नंतरची.

तर आधी ऐक, मग भांड. आणि या वेळी फोन नको, पत्रच लिही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मनोहर