प्लेन्सचा शेतकरी

संपादक महोदय,

जिमी कार्टर यांच्याविषयी आपल्याकडे जे छापून येते, ते अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षाविषयी असते. त्यांच्यातला शेतकरी त्यात दिसत नाही, याची खंत वाटते.

जॉर्जिया राज्यातील प्लेन्स गावाजवळ, आर्चरीच्या शेतावर ते वाढले. घरात वीज आली १९३८ मध्ये. नांगराला खेचरे. कपाशीची बोंडे पोखरणाऱ्या सोंडकिड्यावर सोमल (आर्सेनिक हे विष), काकवी आणि पाणी यांचे मिश्रण झाडाझाडाला चोपडायचे काम पोरांकडे असे. काकवी वाळून विजारी लाकडासारख्या कडक होत. शेजारची बहुतेक कुटुंबे वाट्याने राबणारी कृष्णवर्णीय होती आणि वडील वर्णभेद मानणारे होते, हेही सांगायलाच हवे.

१९५३ मध्ये वडील कर्करोगाने गेले. नौदलातली उत्तम नोकरी सोडून कार्टर गावी परतले. पत्नी रोझलिन यांना ते अजिबात मान्य नव्हते. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. भुईमुगाचे बियाणे आणि खताच्या घरच्या धंद्याचे हिशेब पुढे रोझलिन यांनीच सांभाळले. १९८१ मध्ये अध्यक्षपद संपवून घरी आले, तेव्हा तोच धंदा कर्जात बुडालेला होता. तो विकावा लागला.

या घराचा मुंबईशीही संबंध आहे. कार्टर यांच्या आई लिलियन १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअर या परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून विक्रोळीत आल्या आणि तिथे त्यांनी रुग्णसेवा केली. त्यांना पाहिलेले जुने रहिवासी आज असतील, तर त्यांच्या आठवणी आपण जरूर छापाव्यात.

– एक वाचक, विक्रोळी