लांगेचे रस्ते रिकामे आहेत, सपाट नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला इटलीच्या द्राक्षप्रदेशावरचा लेख वाचून नागपुरातले बरेच सायकलवाले पुढच्या मे महिन्याचे बेत आखायला लागले असतील. लेखातली बागांची वर्णने छानच आहेत. पण ‘वाहनमुक्त रस्ते’ हे शब्द वाचून वर्धा रोडच्या ट्रकांना वैतागलेला माणूस जे समजेल, ते तिथे नाही. खर्चिक प्रवास आहे, म्हणून हे पत्र.

लेखात ज्याचा उल्लेख आहे तो लांगे भाग पिएमॉन्ते प्रांतात, आल्बा शहराच्या दक्षिणेला. शेजारच्या रोएरो आणि मोन्फेर्रातोसह तिथल्या द्राक्षमळ्यांना २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. तिथे मोटारींना बंदी वगैरे काही नाही. वाहने कमी आहेत ती जमिनीच्या घडणीमुळे. आल्बा तानारो नदीकाठी, समुद्रसपाटीपासून पावणेदोनशे मीटरवर; ला मोर्रा गाव पाचशेच्या वर. खोऱ्यात धुके आणि दहिवर असते, म्हणून नेब्बियोलो द्राक्ष लावतात ते दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर आणि गावे बसली आहेत टेकड्यांच्या धारेवर. सेर्रालुंगा गावातून कास्तिल्योने फाल्लेत्तो हे गाव समोर दिसते, अगदी हाकेच्या अंतरावर. जायचे मात्र खाली खोऱ्यात उतरून आणि पुन्हा चढून. मालवाहतूक ही उठाबस कशाला करेल? ती खालच्या रुंद रस्त्याने निघून जाते. म्हणजे जो चढ ट्रकने टाळला, तोच तुमच्या मांड्यांच्या वाट्याला येतो. साठ किलोमीटरच्या फेरीत हजार मीटरहून जास्त चढ सहज भरतो. नागपूर-काटोल जाऊन-येऊन साठीचे लोकही शंभरी पार करतात, पण त्या हिशेबाने इथली अंतरे मोजू नयेत.

रस्ता निवडताना मोबाईलच्या नकाशावर सर्वांत सरळ दिसणारी रेघ आधी सोडून द्या. तोच खोऱ्यातला वाहता रस्ता असतो. हिरव्या पाट्या म्हणजे आउतोस्त्रादा, म्हणजे द्रुतगती महामार्ग, तिथे सायकलला मनाई. निळ्या पाट्यांवरच्या ‘एसपी’ क्रमांकाच्या प्रांतीय रस्त्यांपैकी जे धारेवरून गावागावांना जोडतात, ते आपले. सायकलचे ॲप कधीकधी मळ्यातल्या पाणंदीवर नेऊन घालते. कोरड्यात चालून जाते, पावसानंतर मात्र नाही. तिथली माती चुनखडीची, चिकण; ती टायर आणि ब्रेकच्या मधल्या फटीत बसते आणि चाक फिरायचे थांबते. आपल्याकडे आषाढात काळ्या रानातून सायकल काढून बघा, तोच प्रकार.

ऑक्टोबरचे शनिवार-रविवार टाळावेत. नेब्बियोलोची तोडणी तेव्हाच असते आणि आल्ब्यात पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली वाढणाऱ्या भूछत्राची) जत्राही, त्यामुळे एरवी रिकामे असलेले हेच रस्ते मोटारींनी भरतात. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आठवड्याच्या मधल्या वारी, सर्वांत बरे. दिवसभरात रस्ते सगळ्यात ओस पडतात ते दुपारी साडेबारा ते तीन, सगळे जेवायला बसलेले असताना. नेमकी त्याच वेळी दुकानेही बंद असतात. तेव्हा पाव, केळी जे काय घ्यायचे ते बाराच्या आत घ्या. पाण्यासाठी गावच्या चौकातला किंवा दफनभूमीतला नळ बघा. ‘नॉन पोताबिले’ लिहिले असेल तर ते पाणी पिण्याचे नाही.

आता गिअर. खरी फसगत इथेच होते. नागपुरात पुढच्या चक्राला ३९ आणि मागच्याला २५ दात्यांवर कोणाचे काही अडत नाही, कारण चढ म्हणजे उड्डाणपूल. दहा टक्के चढावर हाच गिअर मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्यांनी फिरवायचा तर वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर ठेवावा लागतो, आणि सायकलसह ८५ किलो वजनाला त्यासाठी जवळजवळ २९० वॉट लागतात. हौशी माणूस इतका जोर फार वेळ धरू शकत नाही. मग फेऱ्या ४० वर येतात, गुडघे बोलायला लागतात. पुढे ३४, मागे ३४ असेल तर त्याच ६० फेऱ्यांना वेग साडेसात आणि जोर १८५ वॉटच्या आसपास. माणूस तोच, पण हा चढ तो गप्पा मारत नसला तरी श्वास राखून चढतो.

फक्त कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलून मोकळे होऊ नका. अकरा गिअरच्या शिमानो १०५ (आर७०००) संचात आखूड पिंजऱ्याची आरडी (चेन मागच्या चक्रांवर सरकवणारी यंत्रणा) ३० दात्यांपर्यंतच काम करते. ३४ साठी मध्यम पिंजऱ्याची लागते. चेनही वाढवावी लागते. मापाची पद्धत अशी: चेन आरडीतून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून गुंडाळा, जिथे टोके जुळतात त्यापुढे दोन कड्या जास्त ठेवा. जुनीच चेन राहिली आणि चढाच्या गडबडीत मोठ्यावर मोठा गिअर पडला, तर चेन ताणून आरडी पुढे ओढली जाते आणि हँगर, म्हणजे आरडी फ्रेमला जोडणारा तुकडा, मोडतो. विमानाच्या खोक्यातही आधी हँगरच वाकतो. तेव्हा पॅक करताना आरडी काढून फ्रेमच्या आत बांधा आणि आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर जवळ ठेवा. परगावी दुकानात तोच नेमका मिळत नाही.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरणे ही सपाट गावच्या स्वाराची हमखास चूक. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटते. डिस्क असेल तर पॅड गुळगुळीत होऊन किंचाळू लागतात आणि पकड जाते. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक थोडा वेळ पण जोरात दाबा, वळणात सोडा. बाहेरचा पेडल खाली, हात हँडलच्या खालच्या भागावर. भाड्याची सायकल असेल तर कोणती मूठ पुढच्या ब्रेकची ते निघण्याआधी उभ्याउभ्या बघून घ्या, ती आपल्या सवयीच्या उलट असू शकते. टायर २८ मिमीचे, सत्तर किलोच्या माणसाला ६५ ते ७० पीएसआय हवा पुरे.

रिकाम्या रस्त्याचा एक धोका लेखात कुठेच नाही. इटलीत उजवीकडून चालवायचे. शहरात समोरच्या मोटारी आपोआप आठवण देतात. ओसाड धारेवर आठवण देणारे कोणी नसते. पाणी भरून पुन्हा निघताना माणूस बेसावधपणे डावीकडे लागतो, आणि पुढच्या आंधळ्या वळणावर ट्रॅक्टर येतो. हँडलवर उजवीकडे रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवावा, पोरखेळ वाटला तरी.

कायद्याचेही दोन शब्द. गावाबाहेर एका रांगेतच चालवायचे, आपल्यासारखे तिघे-तिघे गप्पा मारत नाही. घंटी हवी. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून आणि बोगद्यात चमकणारे जाकीट सक्तीचे. दारूची मर्यादा लिटर रक्तात अर्धा ग्रॅम, आणि ती सायकललाही लागू आहे. बारोलो वाइनची चव घ्यायची ती सायकल ठेवून झाल्यावर.

ज्यांना खरोखर मोटारच नको, त्यांनी उत्तरेला दक्षिण टायरोलमध्ये जावे. बोल्झानो ते काल्दारो ही १८९८ साली सुरू झालेली रेल्वे बंद पडली आणि तिच्या मार्गावर द्राक्षबागांतून सायकलवाट झाली. रेल्वेचाच उतार, त्यामुळे चढ अंगावर येत नाही. इतवारी-नागभीडची छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वाटेचा डौल लगेच कळेल.

तयारीसाठी सगळे चिखलदऱ्याचा घाट सुचवतात. आमचे मत वेगळे आहे. लांगेत एकच लांब घाट नसतो, तीन-चार किलोमीटरचे चढ दिवसभर पुन्हा पुन्हा येतात. म्हणून सेमिनरी हिल्सच्या दहा फेऱ्या किंवा रामटेकच्या गडावर लागोपाठ पाचदा चढ-उतार हा जास्त खरा सराव, आणि त्यात ब्रेकचाही सराव होतो.

शेवटचा मुद्दा सामानाचा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांतून गेलेल्या नागपूरकराला घामेजल्या अंगाने पंधरा अंशांत उतरताना हुडहुडी भरते, बोटे ब्रेकवर बधिर होतात. पातळ विंडचीटर खिशात असावे. नसेल तर इटलीच्या जुन्या शर्यतपटूंची युक्ती आहेच: माथ्यावर पोचल्यावर वर्तमानपत्राची घडी जर्सीच्या आत छातीवर सरकवायची. रविवार पुरवणी त्या कामाला पुरेशी जाड आहे.

आपले,
नागपुरातील काही सायकलस्वार वाचक
धरमपेठ, नागपूर