सूचना : स्पर्धेच्या कथा आणि पुढची बैठक

सभासदहो, स्पर्धेला कथा पाठवण्याआधी नियम पुन्हा एकदा वाचा. बऱ्याच स्पर्धांत परीक्षकांना लेखकाचं नाव कळू देत नाहीत. म्हणून शीर्षकाखाली नाव नको, आणि फाइलच्या नावातही नको (हे हमखास राहून जातं, माझंही राहिलं होतं). समाजमाध्यमावर टाकलेली कथा अनेक ठिकाणी पूर्वप्रकाशित धरतात. एकच कथा दोन ठिकाणी दिली असेल आणि एकीकडे स्वीकारली गेली, तर दुसरीकडे लगेच कळवून ती मागे घ्या.

कादंबरी लिहिणाऱ्यांनी बैठकीला एकच प्रकरण आणावं, अख्खं बाड नको. काही सुचत नसेल तरी या. अडलेलं पान मोठ्याने वाचलं की घोळ कुठे आहे ते बहुधा ऐकू येतं.