"पडल्याशिवाय गाडी येत नाही" हे वाक्य आता पुरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला मोटारसायकल शिकण्यावरचा लेख वाचला. छान जमलाय, हसले पण भरपूर. पण शेवटी ते नेहमीचं वाक्य आलंच, "पडल्याशिवाय गाडी येत नाही", आणि तिथे काही राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी ४३व्या वर्षी गाडी शिकले (स्कूटर नाही, गियरवाली मोटारसायकल), शिकताना तीनदा पडले आणि तिन्ही वेळा कुणी ना कुणी हेच ऐकवलं. ऐकून बरं वाटतं, नाही असं नाही. पण त्या नादात का पडलो हे कुणी विचारतच नाही. पडलीस ना, झालं, आता येईल! अहो कशी येईल, तीच चूक हातात तशीच बसलेली असते.

पहिल्यांदा पडले ते मोकळ्या मैदानात, माणूस चालतो त्यापेक्षा कमी स्पीडला. भाचा शिकवत होता. उजवीकडे वळवून परत यायचं होतं, हँडल पूर्ण वळलेलं, मध्येच वाटलं आता जाते मी, आणि उजव्या हाताने पुढचा ब्रेक कचकन दाबला. गाडी जागच्या जागी उजवीकडे कलली. पाय टेकला होता की, पण दीडशे किलोच्या आसपासची गाडी एकदा ठराविक कोनाच्या खाली गेली की पाय काय करणार, मी आपली तिला सावकाश जमिनीवर ठेवल्यासारखी खाली गेले. भाचा धावत आला, "मावशी लागलं का, पुढचा ब्रेक दाबायचाच नाही गं, उलटी होशील."

हा सल्ला जवळपास प्रत्येक शिकणाऱ्याला मिळतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. हँडल वळलेलं असताना, रांगत्या स्पीडला, पुढचा ब्रेक झटक्यात दाबला की गाडी वळणाच्या बाजूला आडवी होते, तिथे मागचा पायाचा ब्रेक हलकाच आणि हाफ क्लच (म्हणजे क्लच अर्धाच सोडलेला), बस. पण सरळ रस्त्यावर स्पीडमध्ये असताना थांबायचं तर बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणजे खरं थांबवायचं काम पुढचाच ब्रेक करतो, फक्त तो पिळत पिळत दाबायचा, झडप घालायची नाही. आता ज्याला पहिल्याच दिवशी "पुढच्याला हात लावू नको" सांगितलंय तो उद्या समोर काही आडवं आलं तर नुसता मागचा दाबणार, चाक लॉक होणार आणि गाडी घसरत जाणार. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकांच्या टीमने लॉस एंजेलिस भागात मोटारसायकलचे ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले होते, १९८१ साली रिपोर्ट आला, त्यात अगदी हेच लिहिलंय की ऐनवेळी मंडळी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा फारच कमी वापरतात. आणि अपघात झालेल्यांपैकी ९२ टक्के लोक एकतर स्वतःच शिकलेले नाहीतर घरच्यांनी मित्रांनी शिकवलेले. रिपोर्ट जुना आहे, एका भागातला आहे, मान्य. पण भाच्याला वाचून दाखवला तेव्हा तो गप्प बसला, कारण त्याला त्याच्या मित्राने शिकवलेलं आणि त्या मित्राला आणखी कुणीतरी.

दुसऱ्यांदा पडले ते पहिल्यानंतर पाच मिनिटांत, त्याला कारण "लगेच बस, नाहीतर भीती बसेल". हात थरथरत होते. हँडल जरासं तिरकं झालंय हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. फर्स्ट गियर टाकला, क्लच एकदम सुटला, गाडीने उडी मारली, मी मागे फेकले गेले आणि मागे जाताना ज्याला धरून होते तो नेमका एक्सलरेटर. म्हणजे जितकी मी मागे तितकी मूठ पिळली जातेय, तितकी गाडी पुढे पळतेय! नवशिक्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं. सुटका एकच, डाव्या हाताचा क्लच दाबायचा, मग इंजिन कितीही बोंबलू दे. आणि बसतानाच उजवं मनगट खाली ठेवायचं, कोपर सैल, म्हणजे धक्का बसला तरी मूठ फिरत नाही. हे मला आधी सांगितलं असतं तर पँटचा गुडघा वाचला असता.

तेव्हा लगेच बसायला माझा विरोध नाही, पण आधी बाजूला बसून पाणी प्या, मनगट फिरवून बघा, घोटा हलवून बघा. पडल्या पडल्या अंगात जो जोर येतो ना त्यात दुखणं कळतच नाही, माझं मनगट रात्री सुजलं. मग गाडी बघा. हँडल सरळ आहे का, एक्सलरेटर सोडल्यावर मूठ आपोआप मागे येते का, ब्रेकची लिव्हर आणि पायाचा पेडल वाकलाय का, खाली पेट्रोल किंवा ऑइल सांडलंय का. आणि गाडी उचलायच्या आधी ती बंद करा बाबांनो, आमची आडवी पडून मागचं चाक फिरवत होती आणि आम्ही दोघं "अगं बाई", "अरे देवा" करत उभे.

उचलायची पण पद्धत आहे. भाच्याने समोरून वाकून हिसका मारला आणि दोन दिवस कमरेला पट्टा लावून फिरला. नंतर आम्हाला कळलं की गाडीकडे पाठ करायची, सीटला बूड टेकवायचं, हँडल पूर्ण जमिनीकडे वळवायचं, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने सीटखालचा दांडा धरायचा आणि पाठ ताठ ठेवून पायांनी मागे मागे ढकलत चालायचं. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, गियरमध्ये टाकायची, नाहीतर उभी होते आणि पलीकडे पडते. मी, अंगाने किरकोळ बाई, एकटी उचलते आता.

तिसरं पडणं वळणावर, बारीक खडी होती. खडी दिसली, खडीकडेच बघत राहिले आणि सरळ खडीतच गेले. नजर जिथे, गाडी तिथे, एवढंच त्यात आहे. यावेळी हेल्मेट टेकलं. बाहेरून साधा ओरखडा, पण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच मार खातो, दबला की परत फुगत नाही, म्हणून ते टाकून नवीन आणलं. हातमोजे होते म्हणून तळहात वाचले, पडताना माणूस हात टेकतोच, कितीही ठरवलं तरी.

त्यानंतर सतरा दिवस गाडीला हात लावला नाही. कव्हर घातलं आणि रोज एक कारण. घरचे म्हणाले, जाऊ दे, तुला कुठे लढाईवर जायचंय. परत सुरुवात केली ती गाडी बंद ठेवून. नुसतं बसायचं, डावी उजवीकडे कलवून वजन कुठे जड होतं ते बघायचं. मग चालू करून एक्सलरेटरला हात न लावता फक्त हाफ क्लचवर दहा फूट, क्लच दाब, थांब. परत दहा फूट. शेजारची पोरं हसायची. चार दिवस एवढंच केलं आणि पाचव्या दिवशी जे वळण पहिल्यांदा चुकलं होतं ते मान पूर्ण वळवून, पलीकडच्या खांबाकडे बघत घेतलं, गाडी आपोआप आली मागे. खाली बघितलंच नाही.

गंमत म्हणजे १८८५ साली जर्मनीत डेमलर आणि मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनवली तिला बाजूला आधाराची दोन छोटी चाकं होती. बनवणाऱ्यांनाच पडायची धास्ती, मग आम्ही कोण!

तर विनंती अशी की तुमच्या लेखकांनी पुढचा भाग लिहिला तर या रांगत्या स्पीडबद्दल लिहावं, टॉप स्पीड सगळ्यांना पाठ असतो. आणि हो, लेखासोबत छापलेल्या फोटोत त्या मुलाचं हेल्मेट आरशाला लटकवलंय. पुढच्या वेळी डोक्यावर असलेला फोटो छापा.

आपली,
एक नियमित वाचक