'पेर्स्वादेओ' म्हणजे नुसता सल्ला नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

तुमचं रविवारचं शब्दांचं सदर आमच्या घरी चहाबरोबर मोठ्याने वाचलं जातं, म्हणूनच लिहितेय. परवा त्यात 'पेर्स्वादेओ' या लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'सल्ला देणे' असा छापून आला, तो चूक आहे. सल्ला देणे म्हणजे नुसतं 'स्वादेओ'. आधी 'पेर' लागलं की काम तडीस गेलं, समोरच्याला पटलं असा अर्थ होतो. याच कुळातलं 'स्वाविस' म्हणजे गोड, आणि आपलं संस्कृत 'स्वादु' त्याचं चुलत भावंड, म्हणजे मुळात गोडी लावून गळी उतरवणं!

रोमन सेनापती सीझरच्या गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, युद्धावरच्या पुस्तकाची सुरुवातच बघा ना. आजच्या स्वित्झर्लंडमधली हेल्वेती जमात, त्यांचा ऑर्गेटोरिक्स नावाचा बडा सरदार, त्याने इ.स.पू. 61 मध्ये सगळ्या जमातीला पटवलं की आपला मुलूख सोडून बाहेर पडायचं. तिथे सीझर 'कीविताती पेर्स्वासित', म्हणजे 'जमातीला पटवलं', असं लिहितो. पुढे ऑर्गेटोरिक्स मेला तरी बेत काही मोडला नाही, इ.स.पू. 58 मध्ये लोकांनी आपलीच 12 एक गावं आणि 400 च्या आसपास खेडी पेटवून दिली, परत फिरायची आशाच नको म्हणून. नुसत्या सल्ल्याने कोणी स्वतःचं घर जाळतं का हो?

मी लॅटिन रिटायर झाल्यावर शिकायला घेतलं. हेच वाक्य वहीत लिहिताना मी 'कीवितातेम' अशी द्वितीया केली होती, सरांनी लाल पेनाने शेवटचा 'तेम' खोडून 'ती' केलं. या क्रियापदाला माणूस चतुर्थीतच लागतो. मराठीत 'ला' दोन्हीकडे चालतो ना, त्यामुळे आपण हमखास फसतो. पण खरी सोयही मराठीतच आहे, आपण 'मी पटलो' म्हणत नाही, 'मला पटलं' म्हणतो, आणि लॅटिनमध्येही 'मिही पेर्स्वासुम एस्त', शब्दाला शब्द 'मला पटलंय'. हे लक्षात आलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी नातीला झोपेतून उठवून सांगितलं.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाच, आणि चतुर्थीचंही एका ओळीत लिहा, शिकणारी पोरं नेमकी तिथेच अडतात.

आपली नेहमीची वाचक,
पुणे