कल्पना कितीही मोठी चालेल, रडीचा डाव नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत एका वाचकांनी लिहिले होते की, प्रकाशापेक्षा वेगाने धावणारी याने आणि परग्रहवासी ज्यात चालतात, त्या व्हिडिओ गेममध्ये सुसंगती शोधायचीच कशाला? मी इंदूरच्या शाळांत चौतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर रामबागेतल्या घरी नातवाशेजारी बसून हे गेम पाहतो, खेळतोही. मला ते म्हणणे अजिबात पटले नाही.

लहानपणीची भातुकली आठवा. रिकाम्या कपातला चहा खोटा, हे पाहुण्यांना ठाऊक आणि यजमानांनाही. पण कप कलंडला की फडके आणायला धावावे लागे, आणि संपलेला चहा पुन्हा ओतल्याशिवाय कोणी प्यायला तर भांडण ठरलेले. आमची बहीण तर अशा पाहुण्याला डावातून उठवत असे. कोलरिज या इंग्रज कवीने १८१७ मध्ये लिहिले की वाचक आपला अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवतो. कवितेपुरते ते पुरेसे असेल. गेममध्ये मात्र खेळणारा त्या जगाच्या नियमावर आपला पुढचा डाव लावतो, त्यामुळे नियम फिरला की त्याचे शिकणेच वाया जाते.

२०१५ मध्ये पूर्ण रूपात आलेला 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा रॉकेट बांधून उडवायचा गेम घ्या. त्यातल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीएवढेच. नातवाला वही घेऊन बसवले आणि घनता काढायला लावली. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट. कर्बिनची आली अठ्ठावन्न पटीच्या आसपास. ऑस्मियमसारखा सर्वांत घन धातूसुद्धा साडेबावीस पटीपाशी थांबतो. असा ग्रह असूच शकत नाही! पण तो एकदा मान्य केला की पुढचे सगळे गणित न्यूटनच्या नियमाने चालते. पुढे गेलेले यान गाठायचे तर त्याच्या दिशेने इंजिन पेटवून भागत नाही. वेग कमी करायचा, खालच्या कक्षेत उतरायचे, तिथे फेरी लवकर पुरी होते, आणि मग वर चढायचे. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ या अमेरिकी यानातून अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याकडे सरळ जायचा प्रयत्न केला. अंतर काही मिटेना, इंधन खर्ची पडू लागले आणि तो बेत सोडावा लागला. माझ्या नातवाचीही पहिली आठ-दहा याने अशीच फुकट गेली. त्याने गेमला एकदाही दोष दिला नाही, कारण चूक त्याची होती आणि ती कुठे झाली हे त्याला शोधता येत होते.

आता उलटे उदाहरण, आणि ते मला फार आवडलेल्या गेमच्या मालिकेतले आहे म्हणून अधिक लागते. 'मास इफेक्ट'च्या २००७ मधल्या पहिल्या भागात एकच थाप आहे: असा एक पदार्थ, ज्यातून वीज सोडली की आसपासच्या वस्तूंचे वस्तुमान कमी-जास्त होते. यानांचा वेग, संरक्षक कवच, बंदुका, सगळे त्या एका गोष्टीतून निघते. बंदूक धातूच्या ठोकळ्यातून कण तासून फेकते, त्यामुळे गोळ्या संपत नाहीत. पण ती तापते आणि निवेपर्यंत थांबावे लागते. लपून जाणारे यानसुद्धा आपली उष्णता पोटात साठवते, आणि ते फार वेळ केले तर आतली माणसे भाजून निघतील असे गेमच सांगतो. वर्गात शिकवावे इतके हे नेटके आहे.

२०१० मध्ये दुसरा भाग आला आणि बंदुकीत उष्णता शोषणाऱ्या नळ्या बसल्या. नळ्या संपल्या की बंदूक बंद. नळी बदलली की भराभर गोळ्या झाडता येतात, हे कारण मी मान्य करतो. पण नळी नसेल तर बंदूक पूर्वीसारखी आपोआप निवत का नाही? थांबले की तापलेली वस्तू निवते, हा नियम यांनीच तर शिकवला होता! त्याहून वाईट म्हणजे, कथेत हा शोध अवघ्या दोन वर्षांतला असताना, दहा वर्षांपूर्वी एका ग्रहावर कोसळून जगापासून तुटलेल्या लोकांच्या वस्तीतही त्याच नळ्या सापडतात. पहिल्या भागात नातू विचारायचा, "आजोबा, ही निवते कशी?" दुसऱ्या भागात तो फक्त जमिनीवर पडलेल्या नळ्या शोधत फिरत होता.

सगळेच शास्त्रशुद्ध हवे असा माझा हट्ट नाही. २०१९ च्या 'आउटर वाइल्ड्स'मध्ये कृष्णविवरात पडलेला माणूस सूर्यमालेच्या टोकाला सुखरूप बाहेर येतो. पण तो प्रत्येक वेळी तिथेच येतो, म्हणून त्या विवराचा वाट म्हणून उपयोग करता येतो. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. खेळणाऱ्याजवळ उरते ते त्याने मिळवलेले ज्ञान. नियम डळमळीत असते तर त्या ज्ञानाला किंमत काय राहिली असती?

आपल्या पुरवणीत नाटकांची आणि पुस्तकांची परीक्षणे मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. कथानकातली भोके आपले परीक्षक बरोबर पकडतात. तीच नजर महिन्यातून एकदा एखाद्या गेमकडेही वळवावी, ही मनापासून विनंती. चित्रे किती सुंदर आहेत ते जाहिरातीत कळते. पहिल्या तासात दिलेला नियम दहाव्या तासाला पाळला का, ते परीक्षणात यावे. लिहिणारे हवे असतील तर माझे जुने विद्यार्थी आहेत, त्यांना मी स्वतः सांगेन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, रामबाग, इंदूर